तीन मिस कॉल

आधी माफी मागते. माझे शिक्षण चौथीपर्यंतचे. ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमले नाही, आणि अक्षर असे की कोंबडी शाईत पाय बुडवून कागदावरून चालत गेली असावी. हे कोणी वाचावे म्हणून लिहीत नाही. पण चुकून कोणाच्या हाती पडले तर हसू नये, एवढेच.

लिहिते कारण मला बोलता येत नाही. मुकी नाही मी. पण चार माणसांत तोंड उघडायचे म्हटले की जीभ टाळूला चिकटते. डॉक्टरपुढे दुखणे सांगताना माझे अर्धे दुखणे पोटातच राहते. माहेरी आई म्हणायची, "लोकाइच्या तोंडात तीळ भिजत नाई, आमच्या पोरीच्या तोंडात पायलीभर तिळाले मोड येतीन."

अंजनगाव सुर्जीच्या टोकाला आमचे फुलांचे वावर आहे. शेवंती, झेंडू, निशिगंध, आणि कडेने मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर. फुले तोडायची, पोत्यात भरायची, आणि मालक म्हणजे माझे यजमान ती सकाळच्या पहिल्या गाडीने अमरावतीच्या फूलबाजारात न्यायचे. तिथे भाव असला तर ठीक. नसला तर गाडीभाडेही अंगावर पडायचे, आणि फुले बाजाराच्या मागच्या नालीत टाकून ते रिकामी पोती घेऊन यायचे. फुले नालीत टाकणे त्यांना फार लागायचे. त्या दिवशी ते जेवायचे नाहीत.

म्हणून मोबाईल घेतला. गावात एक चाचा आहेत, आधी रेडिओ दुरुस्त करायचे, मग मोबाईल करायला लागले. त्यांनीच जुना फोन स्वस्तात दिला आणि त्यात कार्ड टाकले.

"भाभी, ये लाईफटाईम है," चाचा मला म्हणाले. "एक बार पैसा भरो, फिर जिंदगीभर इनकमिंग."

मालक म्हणाले, "जिंदगीभर म्हंजे कोनाची जिंदगी, चाचा?"

"आपकी, और किसकी? मेरी तो आधी गयी."

तेव्हा आम्ही सगळे हसलो.

अमरावतीचा अडत्या पहाटे मिस कॉल द्यायचा. एक रिंग वाजली तर फुले तोडा, भाव आहे. दोनदा वाजली तर तोडू नका. बोलायचे काही नाही, पैसा लागायचा नाही. हा फोन माझ्या हाती राहायचा, कारण मालक पहाटे पाण्याच्या मोटरीवर असायचे. मला तो फोन फार आवडला. सगळे जग असे वाजून समजत असते तर मी कोणाला लाजले नसते, असे मनात यायचे.

आई-बाप गेल्यावर माझा धाकटा भाऊ आमच्याकडेच राहायचा. सोयाबीनच्या हंगामात तो थ्रेशरवर कामाला जायचा. ट्रॅक्टरला थ्रेशर जोडून ही पोरे गावोगाव फिरायची, ज्याच्या वावरात गंजी लागली असेल तिथे मळणी करायची, तिथेच खायची, तिथेच झोपायची. घरी आला की त्याच्या कानातून, नाकातून भुसा निघायचा. बोलायला मात्र तो माझ्या अगदी उलटा. आईच्या पोटात बोलण्याचा जेवढा वाटा होता तेवढा सगळा तोच घेऊन आला होता.

मोठी बहीण म्हणून मला तो बाईच म्हणायचा. एक दिवस फोन हातात घेऊन म्हणाला, "बाई, एक तोडायची, दोन नाई तोडायची. मंग तीन माह्या."

"तुह्या कायच्या? तू तं घरातच असतं."

"जाईन ना कुठं तरी. तवा तीन वाजवीन. तीन वाजल्या की समजजो, मी आहो. तुले बोला लागत नाई, मले पैसा लागत नाई."

मी म्हटले, "जाय तिकडं, वावरातला भुसा डोक्यात गेला तुह्या."

त्याच वर्षी त्याच्या मनात आले की दुसऱ्याच्या थ्रेशरवर किती दिवस राबायचे. दोन मित्र मिळून जुना थ्रेशर घेत होते, तिसरा वाटा तो घेणार होता. वाटा तीस हजारांचा. मालकांनी ठिबकच्या नळ्या घ्यायला पैसे ठेवले होते. मी मालकांना काही बोलले नाही, नुसती ताट वाढून समोर बसून राहिले. त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि म्हणाले, "देतो. पन हंगामात परत पायजेत." भाऊ त्यांच्या पाया पडला.

आणि त्याच हंगामात आमच्या भागात पंजाबातून हार्वेस्टर आले. उभे सोयाबीन कापायचे, तिथेच मळायचे, दाणे ट्रॉलीत. मजूर नको, गंजी नको, थ्रेशर नको. लोक वावराच्या धुऱ्यावर उभे राहून पाहायचे. माझा भाऊही पाहून आला. आल्यावर म्हणाला, "बाई, आमी पंधरा जन दिवसभर करतो ते त्यानं चहा पिऊन होईपर्यंत केलं. आन् त्यावरचा सरदार तं गानं ऐकून राहिला होता." तो हे हसत सांगत होता. पण ताटातली भाकरी त्याने मोडली नाही. त्यात शेंगाही भरल्या नव्हत्या त्या वर्षी, ज्याच्याकडे थोडे पीक होते त्याने ते हाताने काढले. थ्रेशर उभाच राहिला. पुढे तो भंगाराच्या भावाने गेला, आणि भावाच्या वाट्याला जे आले ते ट्रॅक्टरच्या भाड्यातच गेले.

मालक काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरे झाले असते. त्यांनी ते भाऊबिजेपर्यंत तोंडात धरून ठेवले.

भाऊबिजेला मी पाट मांडला, रांगोळी घातली. भावाला ओवाळले. त्याने ताटात पन्नासची नोट टाकली आणि वर एक रुपया. आमच्याकडे असे आहे, की ओवाळणी असो, आहेर असो, वर रुपया पाहिजे. आई सांगायची, "वर रुपया असला म्हंजे नातं पुढं चालू राह्यते. पुरे पुरे पैसे देल्ले म्हंजे हिशेब मिटला, आता येऊ नको." दुकानदाराला द्यावे तसे पुरे पैसे आपल्या माणसाला द्यायचे नाहीत.

मालक दारात उभे होते. फुलांची पोती परत घेऊन आले होते त्या दिवशी. ताटाकडे पाहून म्हणाले, "वा रे पठ्ठ्या! माह्याच पैशातून माह्याच बायकोले ओवाळनी टाकून राहिला. वरून रुपया."

भाऊ पाटावरून उठला. त्याच्या कपाळावरचे कुंकू अजून ओले होते.

"भाऊजी, पैसे देल्ल्याशिवाय तुमाले तोंड दाखवनार नाई."

"नको दाखवू. कोनं बोलावलं?"

मी हातात ताट घेऊन उभी होते. निरांजन जळत होते. तेव्हा मी एक शब्द बोलले असते, "बस" म्हटले असते, तरी तो बसला असता. पण मी अशीच आहे. तो गेला. करंजीला त्याने हात लावला नव्हता.

वर्षभर काही कळले नाही. मग तिवशाकडचा एक माणूस फूलबाजारात मालकांना भेटला. तो म्हणाला, तुमचा साळा आमच्यासंगे केबलच्या नाल्या खोदतो. मोबाईलची केबल हायवेच्या कडेने जमिनीत घालतात, त्याच्या नाल्या. मुकादम टोळी घेऊन फिरतो. आज आंध्रात, उद्या कर्नाटकात. रस्ता सरेल तिकडे टोळी सरते, रस्त्याच्या कडेलाच ताडपत्री बांधून राहतात.

मालकांनी घरी येऊन हे सांगितले आणि वर म्हणाले, "मोबाईलची नाली खोदून राहिला, आन् एक फोन नाई करत."

पण त्याने केला. त्या भाऊबिजेला. मी अंगणात होते. फोन एकदा वाजून बंद झाला. मला वाटले अडत्या. मग पुन्हा वाजला. मग तिसऱ्यांदा. मी फोन हातात धरून दाराच्या चौकटीला टेकले. नंबर ओळखीचा नव्हता. मी मालकांना काही बोलले नाही. देवापुढच्या निरांजनाने फोनलाच ओवाळले. वेडेपणा आहे, पण कोणी पाहत नव्हते.

दुसऱ्या दिवशी चाचांच्या दुकानात गेले. फोन पुढे केला. माझ्या चेहऱ्यावरून ते समजले.

"ये आंध्रा का नंबर है, भाभी. लगाऊँ?"

मी मान हलवली. लागला नाही. बाई बोलत होती तिकडून, भलत्या भाषेत. चाचा म्हणाले, "एक राज्य से दूसरे में गये तो रोमिंग लगता है, बात करने में पूरी मजदूरी चली जाये. ये लोग वहीं का सिम लेते हैं, काम हुआ के फेंक देते हैं."

म्हणजे त्याला माझा नंबर ठाऊक, मला त्याचा कधीच कळणार नाही. माझा एक नंबर जागेवर, त्याचे सगळे नंबर फिरते. भाऊ माहेरी जागेवर असतो आणि बहीण पाहुणी येते-जाते तसे, पण उलटे.

पुढची काही वर्षे तसेच झाले. भाऊबिजेला तीन वाजायच्या, मी दुसऱ्या दिवशी चाचांकडे जायचे, ते नंबर पाहून सांगायचे. कर्नाटक. मग गुजरात. मग परत गुजरात. नकाशा मी शाळेत पाहिला होता त्यानंतर पाहिला नव्हता. पण भाऊ कुठे कुठे जमीन उकरत गेला ते मला असे समजत गेले.

मग सगळे बदलले. बोलणे फुकट झाले. लोक दिवसभर फोनवर बोलायला लागले. मालकांनी मोठा काचेचा फोन घेतला, नव्या कंपनीचे कार्ड घेतले. अडत्याने सगळ्या फूलवाल्यांचा ग्रुप केला. आता पहाटे बाजारभावाचा फोटो यायचा. मिस कॉल कोणी देईना. मिस कॉल दिला तर लोक म्हणायचे, "काहून, भिकारी झाला का?"

जुना फोन माझ्याकडे राहिला. कोणाला त्याचा उपयोग नव्हता, मलाच होता. मी रोज चार्ज करायचे आणि तुळशीजवळच्या कोनाड्यात ठेवायचे, तिथे टॉवर चांगला यायचा. त्यात पैसे भरायचे असतात हे मला ठाऊक नव्हते. लाईफटाईम होते ना. इंग्रजीत मेसेज यायचे. मला ते वाचता यायचे नाहीत. कधी कधी एक बाई आपोआप बोलायची, लवकर लवकर, हिंदीत. अनोळखी बाईचा आवाज आला की मी घाबरून बंद करून टाकायचे. तिला नाही म्हणायची तरी लाज वाटायची मला, मशीन आहे हे कळत असूनही.

एक दिवस टॉवरच्या काड्या गेल्या. मला वाटले टॉवर बिघडला असेल. मी फोन पाण्याच्या टाकीवर नेऊन ठेवला. आठवडा गेला. मालक म्हणाले, "माह्या फोनले तं येऊन राहिला टॉवर." काही महिन्यांनी भाऊबीज आली, मी सकाळपासून फोन जवळ घेऊन बसले. पाट मांडून ठेवला. संध्याकाळ झाली तरी फोन वाजला नाही.

दुसऱ्या दिवशी चाचांनी कार्ड काढून पाहिले, पुसून परत घातले. मग चष्मा काढला.

"भाभी, ये तो बंद हो गया. अब हर महिने पैसा नहीं डाला तो इनकमिंग भी बंद करते. मेसेज नहीं आया क्या?"

मी म्हटले, "लाईफटाईम होतं ना."

चाचांनी कार्ड काढून माझ्या हातावर ठेवले. मग म्हणाले, "लाईफ उस स्कीम की थी. हमने सोचा अपनी है."

मी रडले. लोकांपुढे पहिल्यांदाच. चाचांनी दुकानाचे शटर अर्धे खाली केले आणि पाणी दिले. मग मालकांना फोन करून बोलावून घेतले. मालक आले, त्यांनी सगळे ऐकले. दरवर्षीच्या त्या तीन वाजण्याचे त्यांना तेव्हाच कळले. मला वाटले चिडतील. ते फक्त म्हणाले, "मले सांगतलं असतं तं मी पैसे भरले असते."

ते मला घेऊन अमरावतीला कंपनीच्या ऑफिसात गेले. काचेच्या टेबलामागच्या पोरीने नंबर टाकून पाहिला. म्हणाली, "काका, हा नंबर दुसऱ्या कस्टमरला दिला गेला आहे. तुम्ही छान नवीन नंबर घ्या ना." मालक म्हणाले, "आमाले छान नको, तोच पायजे." ती हसली. वाईट पोरगी नव्हती. तिला कळले नाही, एवढेच.

चाचा म्हणायचे, भाभी, अपनेही नंबर पे फोन लगाओ, जिसको मिला उसको बता दो. मी हो म्हणायचे आणि घरी यायचे. अनोळखी माणसाला फोन लावायचा आणि आपली गोष्ट सांगायची, हे माझ्याच्याने होईना. मालकांना सांगावे तर ते दोन शब्दांत भांडण करतील ही भीती. त्यात दोन भाऊबिजा गेल्या. पाट मी तरीही मांडायचे.

मग पावसाळा संपत असताना तो तिवशाचा माणूस पुन्हा भेटला. तो आता नाल्या खोदत नव्हता. म्हणाला, नालीचे काम आता मशीन करते, टोळ्या मोडल्या. आणि म्हणाला, गुजरातकडे उन्हाळ्यात नाली ढासळली होती, आपल्या वऱ्हाडातला एक जण दबून मेला. नाव त्याला ठाऊक नव्हते.

मालकांनी हे मला जेवण झाल्यावर सांगितले. सांगून झाल्यावर ते बाहेर ओट्यावर जाऊन बसले. मी त्यांचा मोठा फोन उचलला आणि माझा जुना नंबर दाबला. तो मला देवाच्या नावासारखा पाठ होता. वाजत राहिला. मग एका बाईचा आवाज आला, आमच्याच भागातला.

"हॅलो? कोन?"

जीभ टाळूला चिकटली. मी फोन कानाला दाबून धरला.

"कोन हाय? बोला लागत नाई तं फोन कायले करता? आधीच काय कमी तमाशे झाले का या नंबरापायी?"

मी म्हटले, "हा नंबर माहा होता."

मग ती म्हणाली, "गाव कोनतं तुमचं?"

"अंजनगाव."

"थांबा. थांबा, ठेवू नका! बाई, कुठं होत्या हो तुमी? तुमचे पैसे येऊन पडले आहेत माह्याजवळ."

ती अकोल्याची होती. घरीच शिवणकाम करायची, तिचा नवरा शाळेच्या पोरांचा ऑटो चालवायचा. तिने सांगितले, की नंबर घेतल्यापासून दर भाऊबिजेला तीन वेळा फोन वाजून बंद होतो, दरवेळी वेगळा नंबर. आणि या वर्षी श्रावणात या नंबराला जोडलेल्या तिच्या खात्यात कोणीतरी पैसे टाकले. खाली लिहिले होते, 'बाई अंजनगाव'.

"श्रावणात?" मी विचारले. "नक्की श्रावणात?"

"हाव. माह्या सोमवारचा उपास होता त्या दिवशी."

नाली उन्हाळ्यात ढासळली होती. पैसे श्रावणात आले. म्हणजे तो मेलेला भाऊ दुसऱ्याच कोणाचा होता. मी तिथेच चुलीजवळ खाली बसले. देवा, दुसऱ्या बाईच्या भावाच्या मरणावर मला बरे वाटले.

मग मी विचारले, "किती आले?"

"तीस हजार."

"वर?"

"वर काय?"

"वर रुपया होता का?"

तिला राग आला. "बाई, मी तुमचा रुपया ठेवून घेतला असं वाटून राहिलं का तुमाले? तीस हजार हात न लावता ठेवले मी, आन् तुमी एका रुपयासाठी विचारता?"

मी घाबरले. पण तिने फोन ठेवला तर सगळे संपले असते. म्हणून मी बोलले. इतकी मी जन्मात बोलले नव्हते. ओवाळणीचे सांगितले, पाटाचे सांगितले, तीन वाजण्याचे सांगितले. ऐकून ती नरमली. हळू आवाजात म्हणाली, "नवता बाई रुपया. पुरे तीस होते." मग म्हणाली, "तुमी अकोल्याले या. पैसे इथूनही टाकता येतीन. पन तुमी या, आन् हे माह्या घरच्या माणसासमोर सांगा. माह्यावर उपकार होतीन."

मी एकटीच गेले. मालक येतो म्हणाले, पण मी नको म्हटले. अकोटवरून गाडी बदलून अकोल्याला उतरले. तिने स्टँडवर येऊन मला घरी नेले. दोन खोल्या, दारात ऑटो. तिचा नवरा खुर्चीवर बसला होता, पायात चप्पल तशीच. मला पाणी दिले तिने. तो माझ्याकडे पाहत होता.

ती म्हणाली, "सांगा यायले."

मी जमिनीकडे पाहून सांगितले. ते तीन मिस कॉल माझ्या भावाचे, मला होते. नंबर माझा होता. तुमच्या बायकोला तो ओळखत नाही. पैसेही माझेच.

त्याने पायातली चप्पल काढली. मग डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाला, "मी तुमच्या भावासंगं बोललो हो बाई."

"कवा?"

"मागच्या भाऊबिजेले. तीन डाव वाजला, मंग मीच उलटा फोन लावला. म्हटलं आज पाह्यतोच कोन होय. त्यानं उचलला. माहा आवाज ऐकला आन् म्हने, 'भाऊजी.' आता सांगा! बायकोले मिस कॉल देते आन् मले भाऊजी म्हन्ते! मले वाटलं, नालायक माही थट्टा करून राहिला. माहं डोकं फिरलं."

"मंग?"

"मंग काय. म्हटलं, परत या घराचं नाव घेतलं तं तंगडं तोडीन. तो म्हने, 'भाऊजी, पैसे देतो ना.' मी म्हटलं, तुहे पैसे घाल चुलीत, पन परत फोन करशीन तं पाय."

त्याची बायको दाराकडे तोंड करून उभी होती. ती म्हणाली, "आन् श्रावणात पैसे आले, तवा मले म्हने, आता तं पैसेही येऊन राहिले. दोन महिने झाले बाई, हा मानूस माह्या हातचा चहा पेत नाई."

ऑटोवाला खाली पाहत बसला. त्याचा आवाज मालकांसारखाच होता. बोलायची तऱ्हाही तीच. माझ्या भावाला तो आवाज ओळखीचा वाटला असेल. भाऊबिजेच्याच दिवशी, त्याच्या लेखी त्याच घरातून, त्याच तोंडून त्याने ते दुसऱ्यांदा ऐकले. आणि मग त्याने पैसे जमवून पुरे पुरे टाकले, रुपया न ठेवता. दुकानदाराला द्यावे तसे.

ज्या नंबरावरून पैसे आले होते त्यावर त्या ऑटोवाल्यानेच माझ्यासमोर फोन लावला. गुजरातमधले एक दुकान होते. तिकडचा माणूस म्हणाला, "भाई, मजदूर नगद देते हैं, मैं भेजता हूँ. दिनभर लाइन लगी रहती है. किसका चेहरा याद रखूँ?" ऑटोवाल्याने आणखी दोनदा लावला. पुढे त्याने उचलणेच बंद केले.

निघताना त्या बाईने कापडी पिशवीत पैसे दिले, तिच्याच शिवणकामाची पिशवी. मला म्हणाली, "नंबर बदलत नाई मी. पुढच्या भाऊबिजेले वाजला तं मी सोता बोलीन त्याच्यासंगं. समदं सांगीन." तिचा नवरा ऑटोने स्टँडवर सोडायला आला. भाडे घेतले नाही. गाडी सुटेपर्यंत खिडकीखाली उभा होता.

त्या भाऊबिजेला मी मालकांचा फोन दिवसभर हातात धरून बसले. दुपारी अकोल्याहून फोन आला. ती म्हणाली, "नाई वाजला बाई." संध्याकाळी पुन्हा आला. "नाई वाजला." पुढच्या वर्षीही ती तेच म्हणाली. आता ती फोन करते तेव्हा आम्ही इकडचे तिकडचे बोलतो, तिच्या मशीनचे, माझ्या शेवंतीचे. मला तिच्याशी बोलायची लाज वाटत नाही. भावाने मला एवढे एक माणूस दिले असे मी म्हणते, पण ते मनाची समजूत काढण्यासाठी.

पैशांचे सांगायचे राहिले. अकोल्याहून आले त्या संध्याकाळी मालक ओट्यावर होते. मी पिशवी त्यांच्यासमोर ठेवली आणि काय काय झाले ते सांगितले. ते नोटांकडे पाहत राहिले.

"मी काई हे मागतले नवते," ते म्हणाले.

मी म्हटले, "मागतले होते. ताटासमोर मागतले होते."

एवढे त्यांना मी कधीच बोलले नव्हते. त्यांनी मान खाली घातली. मग सदऱ्याच्या खिशात हात घातला, एक रुपयाचे नाणे काढले आणि नोटांवर ठेवले. मी ते उचलून परत त्यांच्या हातावर ठेवले. तो रुपया त्यांनी टाकायचा नव्हता.

मग त्यांनी नोटा उचलून पेटीत ठेवल्या आणि पेटी लावली. ठिबकच्या नळ्यांचे पैसे पूर्ण फिटले.